पाहुण्यांचं पाणी

आमच्या घरात पिण्याचं पाणी दोन जातींचं असतं. एक पाहुण्यांचं आणि एक आपलं. पाहुण्यांचं पाणी निळ्या जारमधून विकत येतं, स्टीलच्या चकचकीत कळशीत ओतलं जातं आणि ओट्याच्या कोपऱ्यात झाकून ठेवलं जातं. घरातल्या माणसानं त्याला हात लावायचा नाही. आपलं पाणी म्हणजे नळाचं. ते आठवडा उलटून गेल्यावर कधीतरी येतं, मग फडक्यातून गाळून, तुरटी फिरवून रांजणात भरायचं. पुंडलिकनगरच्या मागच्या अंगाला आमची गल्ली आहे, तिथं घरोघर हीच रीत. ज्यांच्याकडे जार नाही ते पाहुणा दारात दिसला की मागच्या दारानं शेजारणीकडून तांब्याभर जारचं पाणी उसनं आणतात. साखर उसनी मागायची लाज वाटते बायांना, पाणी मागायची नाही.

नळाच्या पाण्याला सुरुवातीला गटाराचा वास येतो. हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे आणि चारचौघांत कोणी त्याबद्दल तोंड उघडत नाही. कोपऱ्यावर नळाची लाईन ड्रेनेजच्या चेंबरमधून गेली आहे आणि तिथला सांधा गळतो. नळ बंद असला की गटार आत झिरपतं. नळ आला की प्रत्येकजण लाईनला थेट मोटार लावतो आणि चेंबरमधलं उरलंसुरलंही ओढून घेतो. सगळ्यात मोठी मोटार आमच्या घरची आहे. ती माझ्या नवऱ्यानं बसवली, आणि गल्लीच्या पाणी समितीचा अध्यक्षही माझा नवराच. नाव कारभारी. मी नवऱ्याचं नाव घेते, उखाण्याशिवाय घेते. घराच्या पुढच्या खोलीत माझी पिठाची गिरणी आहे, आणि गिरणीच्या आवाजात हळू बोलून भागत नाही.

कारभारींची गावाकडं जमीन आहे, इथं एका पतसंस्थेतून निवृत्त झाले. निवृत्त माणसाला अध्यक्षपद लागतंच, नाहीतर जेवण पचत नाही. आमच्या समितीचं काम म्हणजे मारुतीच्या पारावर बसायचं, चहा मागवायचा आणि वरच्यांना शिव्या द्यायच्या. कोणाचं पोट बिघडलं की वातावरण बदललं म्हणायचं. वर्षभर आमच्या गल्लीत वातावरण बदलत असतं. मीही त्यातलीच एक होते, उगाच सोवळं कशाला सांगू.

मग मोनिका आली. माझी एकुलती एक मुलगी, पहिल्या बाळंतपणाला माहेरी. तिला घेऊन उस्मानपुऱ्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले तर त्यांनी आधी पाण्याचं विचारलं. म्हणाल्या, "पाण्यातून होणारी एक कावीळ असते. एरवी माणूस त्यातून उठतं. पण या महिन्यांत झाली तर आईचं आणि बाळाचं, दोघांचंही अवघड होऊन बसतं. पाणी उकळूनच द्या."  मोनिकासाठी मी वेगळं पातेलं ठेवलं, वीस वीस मिनिटं पाणी उकळायची आणि तिच्या उशाशी बाटली भरून ठेवायची.

सासूबाईंना ते पसंत नव्हतं. सारजाबाई त्यांचं नाव, मी त्यांना आत्याबाई म्हणते. "उकळलेलं पानी म्हंजी मेलेलं पानी," त्या म्हणायच्या. "त्यात काय जीव ऱ्हातो का? आमी आठ लेकरं रांजणातल्या पान्यावर वाढवली." आठातली किती जगली हे त्या सांगत नसत, आणि मी विचारत नसे.

त्याच सुमारास शहरात पाणी सुरक्षा आराखडा नावाचं प्रकरण आलं. कुठल्याशा संस्थेनं एका मोठ्या हॉटेलात सभा ठेवली आणि गल्लोगल्लीच्या अध्यक्षांना बोलावलं. महिलांचा सहभाग पाहिजे होता म्हणून अध्यक्षांबरोबर त्यांच्या बायकाही गेल्या. आम्हाला पुढच्या रांगेत बसवलं, फोटो काढले आणि मग कोणी आमच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. प्रत्येकाच्या पुढ्यात सीलबंद बाटली होती. नळाच्या पाण्यावर बोलायला आलेल्या एकाही माणसाच्या पुढ्यात नळाचं पाणी नव्हतं.

पण ती माणसं गोष्ट खरी सांगत होती. धरणापासून आपल्या पेल्यापर्यंत पाण्यात कुठं कुठं घाण शिरते ते शोधायचं, आणि जिथं धोका जास्त तिथली लाईन आधी बदलायची. एवढं सांगायला त्यांनी अख्खी सकाळ घेतली. तिथं सुकेशनी नावाची मुलगी होती, घरोघरी जाऊन पाण्याचे नमुने घेण्याचं काम तिच्याकडे होतं. मी जेवणाच्या रांगेत तिला गाठलं आणि चेंबरचं सगळं सांगितलं.

"काकू, सांगण्यावर नाही ठरत," ती म्हणाली. "नमुन्यावर ठरतं. तुमच्या गल्लीचे नमुने खराब आले की लाईन पहिल्या यादीत. काम लगेच सुरू होईल."

"माझ्या मुलीच्या बाळंतपणाआधी?"

"खराब आले तर, हो."

लोक देवाला काय काय मागतात. मी मारुतीला म्हटलं, आमचं पाणी घाण निघू दे. गिरणीवर दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येक बाईला बजावून सांगितलं, बाटलीवाली मुलगी आली की नळाचं द्या, रांजणातलं द्या. सगळ्यांनी मान डोलावली. आमच्या गल्लीत मान डोलवायला कोणीच कमी करत नाही.

सुकेशनीला मी नळाच्या दिवशी यायला सांगितलं होतं. पण नळ येतो पहाटे, आणि कार्यालयं उघडतात ऊन चढल्यावर. त्यामुळे सुरक्षा आराखड्याची माणसं नेमकी कोरड्या दिवशी आली. नळातून नुसती हवा आली. मग घरात प्यायला जे पाणी असेल ते द्या, असं तिनं दारोदार सांगितलं. मी नेमकी मोनिकाला घेऊन सोनोग्राफीला गेले होते. परत आले तर आत्याबाई ओसरीत प्रसन्न बसलेल्या.

"आली व्हती ती पोरगी. लई गुनाची हाय. उन्हातून आलती, घामानं निथळत व्हती बिचारी. तिला शेंगदान्याचा लाडू दिला."

"पाणी कोणतं दिलं, आत्याबाई?"

"कोनतं म्हंजी? कळशीतलं."

"मी रांजणातलं द्यायला सांगितलं होतं."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मी दारातल्या पाहुणीला उष्टं वाढायला सांगितलं होतं. "परक्याच्या पोरीला रांजनातलं देऊ? दारात आलेल्या मानसाला? तुझ्या म्हायेरात देत असतील."

मी तशीच चपला न काढता गल्लीत निघाले. दारोदार विचारत गेले. सगळ्यांनी जारचं दिलं होतं. शेजारची सोनिया शाळेत शिकवते, तीसुद्धा म्हणाली, "काकू, कसं दिसतं ना ते. आपल्या घरातलं पिवळं पाणी, त्यावर आपलंच नाव लिहिणार." ज्यांच्याकडे जार नव्हता त्यांनी रीतीप्रमाणे उसनं आणलं होतं. त्यातल्या दोघींनी आमच्याच घरून, आमच्याच कळशीतून. म्हणजे गल्लीच्या नळाची तपासणी म्हणून त्या जारवाल्याच्या पाण्याची तपासणी होणार होती. त्यानं पैसे देऊनही एवढी कधी केली नसती.

मी सुकेशनीला फोन लावला. झाला प्रकार ऐकून ती बिचारी म्हणाली, "काकू, बाटल्या सील होऊन गेल्या. समितीनं लेखी मागितलं तर परत घेता येतील. पण समितीनंच मागायला पाहिजे."

समिती मारुतीच्या पारावर बसली. मी बायकांच्या बाजूला न बसता समोर उभी राहिले. सांगितलं की नमुने चुकीचे गेलेत, एक ओळ लिहून द्या, परत घेतील.

"काय लिहून द्यायचं?" कारभारी म्हणाले. "आमच्या गल्लीचं पानी घान हाय म्हनून? आपन सोताहून? उद्या प्लाटाचे भाव पडले तर जिम्मेदार कोन? पोरांच्या सोयरिकी व्हायच्यात. घान पान्याच्या गल्लीत कोन लेक देईल?"

"आपली लेक आहे घरात," मी म्हटलं. "सातवा सरत आलाय तिचा."

आमचा शेजारी पुंजाराम म्हणाला, "वहिनी, आमच्या घरात तर बिलकुल वास येत नाय. तुमची टाकी धुवून घ्या एकदा." या पुंजारामच्या घरात नळाच्या दिवशी पहाटेच उदबत्त्या लावतात, आणि त्या देवासाठी नसतात हे मला भिंतीपलीकडून कळतं. त्याच्या मागून एकेक जण बोलला. कोणाच्याच घरात वास येत नव्हता. थोडक्यात, वास फक्त माझ्या नाकात होता. सभा संपली आणि चहा आला.

निकाल आला. आमची गल्ली सुरक्षित निघाली, इतकी की आसपास जोड नव्हता. गल्लीच्या तोंडाशी निळा फलक लागला. एक छोटा समारंभ झाला, कारभारींना शाल मिळाली आणि प्रमाणपत्र मिळालं. ते त्यांनी प्लास्टिकमध्ये घालून आणलं आणि बैठकीत माझ्या सासऱ्यांच्या फोटोशेजारी टांगलं. सासरे हयात असते तर त्यांनी ते खाली उतरवलं असतं.

नवी लाईन मुकुंदवाडीकडच्या एका वस्तीला गेली. तिथली बानाबाई माझ्याकडे बाजरी दळायला येते. त्यांचा मूळचा धंदा मेंढरांचा, आता घरचे मजुरीवर जातात. मी तिला विचारलं, तुम्ही कोणतं पाणी दिलंत. तिला प्रश्नच कळला नाही. "कोनतं म्हंजी? पितो त्येच. घरात अजून दुसरं कुठलं असनार?" ती पीठ घेऊन गेली. मला तिचा हेवा वाटला, आणि आमच्या चकचकीत कळशीची किळस आली.

लाईन येणार नव्हती हे आता पक्कं होतं. मी रात्रंदिवस उकळून किती उकळणार? तोंड धुवायचं पाणी, कोथिंबीर धुवायचं पाणी, ताकातलं पाणी. एक दिवस मी सरळ फोन उचलला आणि मोनिकाच्या सासूला, मनकर्णाबाईंना लावला. त्यांचं गाव बदनापूरच्या पुढं, आतल्या अंगाला आहे.

"विहीणबाई," मी म्हटलं, "आमच्याकडचं पाणी चांगलं नाही. मोनिकाला तुमच्याकडं पाठवते. बाळंतपण तिकडंच होऊ द्या."

पहिलं बाळंतपण माहेरात, आणि माहेरच पोरीला परत पाठवतंय. असं कोणाच्या सात पिढ्यांत झालं नसेल.  तरी विहीणबाई म्हणाल्या, "पाठवा. आमच्या हापशाचं पानी गोड हाय. मी करते तिचं समदं."

मी त्यांच्याजवळ मन मोकळं केलं असतं, पण रडू आलं म्हणून फोन ठेवला. आत्याबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. कारभारींनी गल्लीत सांगितलं, काय करता, सासरची माणसं लई जीव लावतात, सोडतच नव्हती. जावई शिवराज गाडी घेऊन आला आणि मोनिका गेली. त्या रात्री मी पहिल्यांदा नीट झोपले.

दोन-तीन आठवड्यांनी शिवराजचा फोन आला. मोनिकाचे डोळे पिवळे झाले होते.

मोनिका वाचली आणि बाळही वाचलं, हे इथंच सांगून टाकते. रडवून गोष्ट सांगायची मला हौस नाही. पण तेव्हा ते माहीत नव्हतं. तिला शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात आणलं तेव्हा ती माणसं ओळखत नव्हती. मला मम्मी म्हणायच्या ऐवजी सिस्टर म्हणाली. बाळ वेळेआधी काढावं लागलं, मुठीएवढी मुलगी, ती काचेच्या पेटीत आणि आई आत वॉर्डात. डॉक्टर म्हणाले, येते काही दिवस सांगता येत नाही.

डॉक्टरांनी विचारलं, गेल्या दीड-दोन महिन्यांत पाणी कुठलं प्यायली. म्हणाले, ही कावीळ उमटायला दोनपासून आठ आठवडे लागतात, हे सांगा म्हणजे तिथल्या बाकी बायकांना वाचवता येईल. मी आमच्या गल्लीचं नाव घेतलं तर कारभारींनी मला बाजूला सारलं आणि पिशवीतून प्रमाणपत्र काढलं. भिंतीवरून उतरवून आणलं होतं. पोटची पोर आत बेशुद्ध पडलेली, आणि या माणसाला घरातून निघताना ते आठवलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण या माणसाची इतकी शिसारी मला कधी आली नव्हती.

"आमच्याकडचं पानी तपासलेलं हाय, डॉक्टरसाहेब. हे बघा. ती सासरी गेल्यावर आजारी पडली."

मी म्हटलं, ते जारचं पाणी होतं. कारभारी म्हणाले, "हिला काय माहीत? ही त्या दिवशी घरीच नव्हती." आणि ते खरंच होतं. शिवाय मोनिकाला मी उकळलेलंच देत होते, मग आमच्या पाण्यानं कशी झाली? कागद शिक्क्याचा होता. विहीणबाईंच्या गावाकडे निरोप गेला, आणि दुसऱ्याच दिवशी तिथल्या हापशाला साखळी बांधली. तपासणी होईपर्यंत बंद. गावातल्या बाया कडक उन्हात शेतातल्या उघड्या विहिरीवर जाऊ लागल्या.

विहीणबाई हॉस्पिटलच्या बाकावर बसून नुसत्या रडत होत्या. आमची गल्ली भेटायला आली होती, पुंजाराम, सोनिया आणि आणखी चार जण, प्रत्येकाच्या हातात सीलबंद बाटली. पुंजाराम विहीणबाईंची समजूत घालत होता, की खेड्यात असं व्हायचंच, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. त्या म्हणाल्या, "कसं नको लावून घेऊ भाऊ? माज्या हातानं पाजलं मी तिला. तिच्या आईनं भरवशानं धाडली व्हती माज्याकडं."

आत्याबाई खाली फरशीवर बसल्या होत्या. 

"रडू नका विहीनबाई," त्या म्हणाल्या. "तुमी नाय पाजलं. मी पाजलं."

सगळे त्यांच्याकडे पाहू लागले.

"तिची आई उकळून ठेवायची. पोरीला ते गोड लागंना. गार पाहिजे व्हतं तिला, तोंडाला कोरड पडायची. आई गिरनीत गेली की मी रांजनातलं द्यायची, वाळा घालून. रोज. म्हनलं, घरचीच लेक हाय, घरचं पानी पिऊ दे."

"आई, गप बस," कारभारी म्हणाले.

"का गप बसू? त्या बाटलीवालीला कळशीतलं दिलं, आन् माज्या नातीला रांजनातलं. त्यो कागद माज्या कळशीचा हाय, कारभारी. आपल्या नळाचा नाय."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. महिनाभर मी ज्या पातेल्याशी झटत होते त्याच्यावर त्यांनी पाठीमागून रांजण रिकामा केला होता, मायेनं, वाळा घालून. पण त्या फरशीवर हात टेकून बसल्या होत्या आणि त्यांची मान लटलट हलत होती. जे समितीतल्या एकाही बाप्याला जमलं नाही ते त्यांनी केलं होतं, तेही विहीणबाई, जावई आणि सगळी गल्ली समोर असताना. 

कारभारींनी प्रमाणपत्र घडी करायला घेतलं. प्लास्टिकमुळे त्याची घडी होत नव्हती.

विहीणबाई उठल्या. पदरानं तोंड पुसलं, कमरेच्या पिशवीतून फोन काढला आणि गावाकडे लावला. खेड्यातली बाई, फोनवर बोलते ती माळावरून हाक मारल्यासारखी. "साखळी काढा हापशाची," त्या म्हणाल्या. "आपलं पानी चांगलं हाय. घान पानी पोरीच्या म्हायेरचं हाय. त्यांच्या नळाला गटार लागलेलं हाय."

व्हरांड्यातल्या सगळ्या माना वळल्या. सोनिया हातातल्या बाटलीचं झाकण उगाच फिरवत राहिली. पुंजाराम जिन्याकडे सरकला. कारभारींनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला लग्नापासून पाठ आहे, बायांना आवर.

मी विहीणबाईंच्या शेजारी जाऊन उभी राहिले. "मोठ्यानं बोला," मी म्हटलं. "तिकडं रेंज नसते."